दोनशे मिली

ओआरएसची पुडी ही शिकल्यासवरलेल्यांसाठी असते, असं मी बरीच वर्षं मानत आलो. तोंडानं कधी म्हणालो नाही. कुणी विचारलं असतं तर ठामपणे नाही म्हटलं असतं, कारण परीक्षेत याच्या नेमकं उलट लिहून मी पास झालो होतो. पण नालासोपारा पूर्वेला दवाखाना थाटला, रोज चाळीतली माणसं समोर बसू लागली, तशी ही समजूत आतल्या आत पक्की होत गेली. जुलाब-उलट्यांचं मूल घेऊन एखादी बाई आली की मी पुडी लिहून द्यायचो आणि मनात म्हणायचो, हिच्या हातून हे व्हायचं नाही. पाणी कमी घेईल, नाहीतर बदाबदा ओतेल. दोन घोट पाजेल, पोरगं ओकलं की सोडून देईल. मग मीच म्हणायचो, "असं करू, एक सलाईन लावून टाकू."

तिलाही तेच हवं असायचं. आमच्या भागात डॉक्टर चांगला की वाईट हे बाटलीवरून ठरतं. "बाटली चढवली, लगेच ताकद आली" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातली गंमतही आता जाणवत नाही. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, चहाचा चमचाभरसुद्धा नाही. बाकी पाणी. हे मला ठाऊक होतं, पेशंटला नव्हतं, आणि या फरकावर माझ्या दवाखान्याचं भाडं निघत होतं. पुडीत मला काही सुटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं उगाच तात्त्विक वाटेल.

पण नुसता पैशाचा मामला असता तर तो कबूल करायला इतकी वर्षं लागली नसती. मी पश्चिमेचा. आगाशीच्या अलीकडे आमची वाडी. केळी, पानवेली, कडेला बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. रुळांच्या पलीकडे चाळी उठल्या त्या माझ्या डोळ्यांदेखत, आणि आमच्या ओट्यावर त्या चाळींबद्दल जे बोललं जायचं ते ऐकतच मी मोठा झालो. यांनी आमचं पाणी संपवलं. यांनी घाण केली. यांना काही सांगून उपयोग नाही. गंमत म्हणजे त्याच काळात आमच्या एका काकांच्या विहिरीवर टँकर भरले जात होते, आणि ते टँकर पूर्वेलाच जात होते. टँकरच्या उपशाविरुद्ध वसईत चळवळ उभी राहिली तेव्हा काका मोर्चालाही जाऊन आले. मी कॉलेजात होतो. दोन्ही गोष्टी एकाच घरात चालल्यात हे दिसत होतं, पण त्यावर बोलायची कुणाला गरज वाटली नाही. मलाही नाही.

पुढे दवाखान्यात मी केसपेपरवर सवयीनं एक शेरा मारायचो: 'पूअर हायजीन'. नळ दिवसाआड येतो की आठवड्यानं, टाकी कुठं आहे, गटाराची लाईन तिच्या शेजारून जाते का, यातलं काही मी विचारत नव्हतो. बाईच्या नखांकडे बघायचो आणि लिहायचो.

२०१८च्या जुलैत, ९ तारखेच्या आसपास, पाऊस असा लागला की वसई-विरार जगापासून तुटलं. रुळांवर पाणी, लोकल बंद. वडोदरा एक्स्प्रेसच्या प्रवाशांना नालासोपाऱ्याजवळ बोटींनी उतरवावं लागलं. वसईच्या मिठागरात माणसं अडकली. वीज गेली ती येईचना. मला पश्चिमेला घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून दवाखान्यातच मुक्काम ठोकला. पाणी पायऱ्या चढून आत आलं, आणि खालच्या कप्प्यातली सलाईनची खोकी गटाराच्या पाण्यात बुडाली. त्या बाटल्या वापरायचा धीर मला झाला नाही. घाऊकवाल्याचा टेम्पो यायला रस्ता नव्हता.

पाणी ओसरू लागलं आणि जुलाबाचे पेशंट सुरू झाले. बऱ्याच इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्यांत गटार शिरलं होतं. तो कॉलरा होता असं मी म्हणणार नाही. एकही नमुना तपासला गेला नव्हता, आणि शरीरातलं पाणी चाललेलं असताना पहिला उपाय जंतूचं नाव विचारत नाही. माझ्याकडे उरल्या होत्या त्या कपाटावर टाकून दिलेल्या ओआरएसच्या पुड्या. औषध कंपनीच्या कुठल्याशा एमआरनं सॅम्पल म्हणून दिलेल्या. मी त्या वाटायला सुरुवात केली आणि प्रत्येकाला तेच घोकवलं: एक पुडी, एक लिटर पाणी. सरकारी पुडीचं माप ते. डोक्यात तेच बसलेलं.

त्यात एक बाई आली. मूळची जौनपूरकडची. नवरा वालीवला एका गाळ्यात कामाला, तो तिकडेच अडकलेला. कडेवर चारेक वर्षांचा मुलगा. डोळे खोल गेलेले, चिडचिड चाललेली, पाण्याचं भांडं दिसलं की झडप. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर बसायला किंचित वेळ लागत होता. म्हणजे अजून तोंडावाटे सावरता येण्याजोगं. सलाईन हाताशी असतं तर मी लावलंच असतं. नव्हतं, म्हणून पुड्या दिल्या, घोकवलं, आणि पुढचा पेशंट घेतला. गंभीर वाटणाऱ्यांना कसंबसं सरकारी दवाखान्याकडे पाठवत होतो. हा मुलगा त्या यादीत जाईल असं धरूनच चाललो होतो.

काळोख पडल्यावर ती परत आली. मूल शेजारणीकडे ठेवून, मोबाइलचा टॉर्च लावून, चिखल तुडवत. हातात पुडी.

"डॉक्टरसाब, पुडिया पे दो सौ लिखा है. आपने एक लिटर बोला. किसका मानू?"

मी पुडीकडे बघितलंसुद्धा नाही. दिवसभराचा थकवा होता हे खरं, पण थकव्यात माणूस नवीन काही बोलत नाही, आतलंच बाहेर येतं. मी म्हणालो, "जितना बोला, उतना करो."

ती हलली नाही. वादही घातला नाही. पुडी तशीच पुढं धरून उभी राहिली आणि टॉर्चचा झोत पुडीवर नेला, मला वाचता यावं म्हणून. शेवटी मी चष्मा लावला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: २०० मिली पाण्यात विरघळवा. छोटी पुडी. सव्वाचार ग्रॅमच्या आतबाहेरची. लिटरची पुडी याच्या पाचपट मोठी असते. सकाळपासून मी जे वाटलं होतं ते माझ्या मापानं केलं तर औषध उरत नव्हतं, पाण्याला नुसती चव येत होती.

मला आजही आठवतो तो त्यानंतरचा क्षण. पहिला विचार मुलाचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की हिच्याशिवाय हे कुणाला कळलंय का. मग लक्षात आलं, सकाळपासून इतक्या जणांना पुड्या दिल्या, घरी नेऊन त्यांनी पुडी बघितली असेल, काहींनी वाचलीही असेल, आणि तरी लिटरभर पाण्यातच कालवली असेल. का? डॉक्टर म्हणाले म्हणून. लोक ऐकत नाहीत ही माझी आयुष्यभराची तक्रार. त्या दिवशी लोकांनी ऐकलं होतं.

मी तिला विचारलं, एवढं बारीक कसं वाचलं? ती घरी इमिटेशन ज्वेलरीचं काम करायची. ग्रोसवर पैसे. मालाबरोबर चिठ्ठी येते, खडे किती, कड्या किती. "नग कम पडा तो सेठ पैसा काटता है," ती म्हणाली. म्हणजे मोजणं हेच तिच्या पोटापाण्याचं काम होतं. मापात चुकेल म्हणून जिच्यावर माझा भरवसा नव्हता, ती माझ्या अख्ख्या दवाखान्यात सगळ्यात काटेकोर होती. मापात चुकलो मी, आणि वर खेकसलोही मीच.

उरलेल्या पुड्या मी तिच्याकडेच दिल्या. ज्यांनी ज्यांनी नेल्या त्यांना बरोबर माप सांगायचं काम तिनं आपणहून घेतलं आणि चाळीच्या दोन्ही ओळींत दारोदार फिरली. उजाडल्यावर मी मुलाला बघायला गेलो तेव्हा तिथं लिटरची एक रिकामी बाटली होती, तिच्यावर नेलपॉलिशनं आडव्या रेघा ओढलेल्या. थंड पेयाची दोनशे मिलीची लहान बाटली पाच वेळा ओतून तिनं त्या आखल्या होत्या. मूल ओकलं की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं द्यायचं, हे मी सांगितलेलं तिनं रात्रभर केलं होतं. मुलाच्या डोळ्यांत तेज आलं होतं. त्याला लघवी झाली होती. त्या वेळी मला याहून मोठी बातमी नव्हती. मी "ठीक है" म्हणालो. चूक झाली, माफ कर, असं म्हणालो नाही. तेवढं धैर्य तेव्हा नव्हतं.

त्यानंतर मी ओआरएसचा, आणि त्याच ओघात कॉलऱ्याचा, इतिहास वाचायला घेतला. पश्चात्तापानं वगैरे नव्हे. मला आधार हवा होता. हा एक अपवाद, एरवी निरक्षर माणसाच्या हाती हे औषध देणं जोखमीचंच, असं कुठल्या तरी मोठ्या माणसानं लिहून ठेवलेलं सापडेल, अशी आशा होती. आणि सापडलंही. माझी शंका पुस्तकात जशीच्या तशी होती. फक्त तिला उत्तरही मिळून चुकलं होतं, मी डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधी.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा शिरला. बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा माणसं जमिनीवर, स्वतःच्या घाणीत पडलेली होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी देता येतं हे तोवर माहीत होतं. कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी १९५३ साली ते छापलं होतं, १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते पद्धतशीर करून दाखवलं होतं. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर ढकलत असलं तरी ग्लुकोजबरोबर मीठ आत ओढून घेणारी वाट उघडी राहते, असं त्यामागचं शास्त्र. पण ते सगळं डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली, मोजूनमापून. महालनबीसांना ती चैन नव्हती. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पिशव्या भरून घेतल्या, पिंपांत द्रावण केलं आणि पाजायचं काम रुग्णाच्या आईकडे, नवऱ्याकडे, बहिणीकडे दिलं. आधी जिथं शंभरातली तीसेक माणसं जात होती, तिथं त्यांच्या देखरेखीतल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. १९७८ साली 'लॅन्सेट'नं या द्रावणाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मरणोत्तर.

मला जास्त झोंबलं ते पुढचं. १९८०पासून बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बाया दारोदार फिरून आयांना शिकवू लागल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं. निरक्षर आया चुकतील ही शंका तिथंही होती, म्हणून त्यांनी ती तपासलीच. बायकांनी बनवलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले, आणि शिकवणारीचा पगार आईच्या लक्षात किती राहिलं त्यावर ठरला. आई चुकली तर पैसे कापायचे ते शिकवणारीचे! आमच्या धंद्यात असा नियम असता तर मी कधीच दवाखान्याला कुलूप लावलं असतं. आणखी एक गोष्ट पुढे आली. आयांना बनवता येत होतं, पण पुष्कळ जणी वापरत नव्हत्या, कारण शिकवायला आलेल्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. त्यांना स्वतःला जुलाब झाले की ते दुसरी औषधं घेत. हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझ्याच घरात, माझ्या मुलीला लहानपणी जुलाब झाले तेव्हा मी सलाईन लावलं होतं.

मागं जाऊन वाचू लागलो तर आमच्या धंद्याची लाज आणखी उघडी पडली. १८१७ साली बंगालात जेसोरला उठलेली साथ १८१८च्या ऑगस्टात मुंबईत पोचली. उपाय काय, तर कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध, अफूचा अर्क आणि रक्त काढणं. अंगातलं पाणी संपत चाललेल्या माणसाचं रक्त काढायचं! पुष्कळ ठिकाणी पाणी तर द्यायचंच नाही. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये लीथच्या थॉमस लॅटानं शिरेतून मीठ-पाणी देऊन मरणाच्या दारातल्या रुग्णांना उठवून बसवलं होतं, पण ते मागं पडलं, आणि कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सनं ते पुन्हा रुळावर आणेपर्यंत सत्तरेक वर्षं गेली.

हे वाचताना माझी आजी आठवली. तिच्या लहानपणी वाडीत पटकी, म्हणजे कॉलराच, आली होती आणि तिचा धाकटा भाऊ त्यात गेला. तो पाणी पाणी करत होता. वैद्य आणि दवाखान्यातले डॉक्टर, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, या एका बाबतीत एकमतानं म्हणाले होते की थेंबभर देऊ नका. आजीला घरातल्यांनी माजघरात हंड्यापाशी राखणीला बसवलं, तो रांगत येईल म्हणून. तिनं थेंब दिला नाही. म्हातारपणीही ती हे सांगताना शेवटी म्हणायची, "सांगितलं तसं पाळलं हो आम्ही." मी ही गोष्ट कॉलेजातल्या मित्रांना जुन्या लोकांच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत असे. त्यांना हसवत असे. खरं तर ती आज्ञाधारकपणाची गोष्ट होती, आणि अडाणी होते ते सांगणारे. त्या मुलीच्या मनात एकदा तरी आलं असेल का, की देऊन बघू? टॉर्च घेऊन ज्याच्याकडे जावं असं तिला कुणी नव्हतं, आणि वाचायला पुडीही नव्हती.

दोष कुणाच्या माथी मारायचा ही कलाही जुनीच आहे. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिनं ठरवलं की हिंदुस्थानात साथ पसरवणाऱ्या कारणांत तीर्थयात्रा सगळ्यात जबर. मुंबई इलाख्यातल्या साहेबांची नजर पंढरपूरकडे वळली ती वळलीच. त्याच काळात हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर जेम्स कनिंगहॅम पाण्यातून कॉलरा पसरतो हे मानायला तयार नव्हते. जॉन स्नोनं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून ते दाखवून देऊन कितीतरी वर्षं लोटली होती. आमच्या घरात माळ होती. साहेबानं वारकऱ्याला 'घाणेरडा' म्हटलेलं वाचून माझं रक्त उसळलं, आणि मग केसपेपरवरचं माझंच अक्षर डोळ्यांपुढं आलं. २०२२च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरीत कॉलऱ्यानं माणसं दगावली. वीजबिल थकल्यानं नळयोजनेची वीज तोडली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. तिथं एखाद्या डॉक्टरनं 'पूअर हायजीन' लिहिलं असेलच. तो शेरा मी आता मारत नाही. त्या जागी पाणी कुठून येतं ते लिहितो: सूर्या धरणाचं, पेल्हार धरणाचं, बोअरचं, टँकरचं. टँकर असेल तर कुठल्या विहिरीचा हेही विचारतो. एक-दोनदा उत्तर पश्चिमेतल्या ओळखीच्या वाडीपाशी येऊन थांबलं, तेव्हा मी पुढं विचारलं नाही.

दोन मापांच्या पुड्या अजूनही एकाच काउंटरवर शेजारी शेजारी मिळतात आणि लांबून सारख्याच दिसतात. शिवाय ओआरएस नाव लावलेली गोड सरबतं वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानात विकली गेली. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव लावायला मनाई केली ती थेट ऑक्टोबर २०२५मध्ये. आता मी पुडी देताना आधी आईलाच वाचायला लावतो. वाचता येत नसेल तर बाटली दाखवून तिच्याकडून उलट वदवून घेतो. वेळ लागतो. बाहेर रांग कुरकुरते. कंपाउंडर माझ्याकडे बघून मान हलवतो, कारण त्याच्या हिशेबात या महिन्याच्या बाटल्या कमी भरल्या आहेत.

मी पूर्ण बदललो असं मात्र समजू नका. गेल्या पावसाळ्यात एक रिक्षावाला आला. चांगला चालत, बोलत. साध्या पुडीनं भागलं असतं. मी समजावलं, पुडी दाखवली. तो म्हणाला, "पाणीच प्यायचं होतं तर घरी नळ नव्हता का, डॉक्टर?" पुन्हा समजावलं. तो शेजारच्या डॉक्टरकडे जायला उठला. मी त्याला परत बसवला, बाटली लावली, आणि नेहमीचे पैसे घेतले.